बंदा आणि मोड

आमच्या घरात ‘मोडणं’ हे क्रियापद जपून वापरलं जायचं. वाण्याकडे जाऊन नोट मोडायची, त्यात काही नव्हतं. सोन्याच्या बाबतीत मात्र हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. आजोबा सोनार होते, त्यांना सगळे दादा म्हणत. गिऱ्हाईक ओसरीवर यायचं, रुमालाची गाठ सोडायचं आणि “दादा, जरा बघता का?” एवढंच म्हणायचं. पेरणीच्या तोंडावर किंवा दवाखान्याच्या वाटेवर आलेला माणूस “बोरमाळ मोडायची आहे” असं सरळ म्हणाल्याचं मला आठवत नाही. दादाही विचारत नसत. कसोटीवर ओढ काढायची, काट्यात टाकायचं, घट किती धरली ते हळू आवाजात सांगायचं. बरोबर बाई असली तर ती तेवढा वेळ अंगणातल्या तुळशीकडे बघत बसायची.

याच्या उलटचा शब्द ‘बंदा’. बंदा रुपया म्हणजे न मोडलेला, सलग रुपया. माणसाचं कौतुक करायचं तर आजी म्हणायची, “बंदा रुपया आहे हो!” तिच्याकडून यापेक्षा मोठी पदवी कुणाला मिळाली नाही. दादांनाही नाही.

हे सगळं आठवलं ते एका अमेरिकन नाण्यामुळे. नाण्यांवरच्या एका जाडजूड पुस्तकात त्याचं चित्र पाहिलं आणि पान उलटवेना. 1877 सालचं, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडलेलं, सोन्याचं, पन्नास डॉलरचं नाणं. नाव हाफ युनियन. अमेरिकेत दहा डॉलरच्या सोन्याच्या नाण्याला ईगल म्हणजे गरुड म्हणत, वीसला डबल ईगल. शंभरचं कधी काढलं तर त्याचं नाव ‘युनियन’ असावं अशी सूचना होती, म्हणून पन्नासचं ते हाफ युनियन. शंभरचं युनियन काही निघालं नाही. अख्खं जन्मालाच आलं नाही आणि अर्धं तेवढं आलं, तेही सोन्यात फक्त दोन नग.

दोन्ही नगांवर एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेचं मस्तक, डावीकडे तोंड केलेलं, कपाळावर मुकुटपट्टी, भोवती तेरा तारे, खाली साल. दुसऱ्या बाजूला ढाल घेतलेला गरुड आणि ‘पन्नास डॉलर’ ही अक्षरं. मुख्य नक्षीकार विल्यम बार्बर यांनी मस्तकाचे दोन वेगळे ठसे केले होते. एकातलं मस्तक किंचित मोठं, दुसऱ्यातलं लहान. दोन्ही ठशांचा एकेक नग सोन्यात पाडला आणि काही तांब्यात. तांब्याच्या काहींवर सोन्याचा मुलामाही आहे.

इंग्रजीत अशा नाण्याला पॅटर्न म्हणतात. मराठीत त्याला नमुना म्हणायचं, आणि हा शब्द मला कोशात शोधावा लागला नाही. दादांच्या बागेसरीच्या, म्हणजे सोनाराच्या शेगडीच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला, तांब्याची एक पाकळी टांगलेली असे. तळहाताएवढी, मधोमध शीर, कडेला बारीक मण्यांची ओळ. गावच्या देवीसाठी सोन्याचा मुकुट करायचा होता. त्याची एक पाकळी दादांनी आधी तांब्यात घडवली. ती पंचांना दाखवायची, पसंत पडली की सोन्यात बाकीच्या करायच्या. पंचांना पसंत पडली. वर्गणी गोळा होत होती. तेवढ्यात 1963 चा जानेवारी उजाडला आणि सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. 14 कॅरटच्या वरचा दागिना नवा घडवायचा नाही. मी तेव्हा रांगत होते, त्यामुळे पुढचं आजीच्या तोंडून ऐकलेलं. पंच आले, बसले, पान खाल्लं. शेवटी त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, “देवीला चौदा कॅरटचा मुकुट घालायचा?” आणि उठला. 14 कॅरटची अट 1966 मध्ये निघाली, पण तोवर वर्गणीचे पैसे देवळाच्या पत्र्यांत गेले होते. पाकळी राहिली. धुरानं काळी पडायची, दादा दर दसऱ्याला चिंचेनं घासायचे.

म्हणून हाफ युनियन पाहिल्यावर मी पहिल्यांदा त्याच्या सोन्याचा विचार केला नाही. माझ्या मनात आलं, पंच कुठे उठून गेले?

त्या नाण्याची मागणी मुळात कॅलिफोर्नियाची. 1848 मध्ये तिथे सोनं सापडलं आणि दोन-तीन वर्षांत नदीकाठच्या वाळूतून एवढं निघालं की टांकसाळ नसलेल्या मुलखात ते मोजायचं कसं हा प्रश्न पडला. चिमटीतली सोन्याची भुकटी हेच चलन झालं. दुकानदाराची चिमूट मोठी आणि खाणवाल्याची लहान, एवढाच वाद. 1851 मध्ये सरकारचे कस-अधिकारी म्हणून ऑगस्टस हंबर्ट सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि त्यांच्या शिक्क्याखाली पन्नास डॉलरच्या अष्टकोनी लगडी निघू लागल्या. त्यांना नाणी म्हणवत नाही, पण त्या हातोहात चालल्या. मग 1854 मध्ये कॅलिफोर्नियाचे सिनेटर विल्यम ग्विन यांनी पन्नास आणि शंभर डॉलरची रीतसर नाणी पाडावीत असं विधेयक आणलं. सिनेटनं ते मंजूर केलं. पुढे त्याचा कायदा झाला नाही.

मोठ्या नाण्याचे दोष सोनाराच्या घरातल्या माणसाला सांगावे लागत नाहीत. नाणं जितकं जाड तितकी आत चोरी करायला जागा. त्या काळी प्लॅटिनम सोन्यापेक्षा स्वस्त होतं. नाणं कडेनं चिरायचं, पोटातलं सोनं कोरून काढायचं, त्या जागी प्लॅटिनम भरायचं आणि कड पुन्हा बेमालूम जुळवायची. वर छाप खरा, काट्यात वजन जवळपास खरं, नाद थोडा बद्द, पण बाजारात नाद ऐकायला किती जण थांबतात? वीस डॉलरच्या नाण्यांत हे उद्योग होतच होते. पन्नासचं म्हणजे तर कोरणाऱ्याची चांदीच. (या वाक्प्रचारानं दादा चिडत. सोन्याच्या धंद्यात चांदी झाली म्हणजे तोटा झाला, असं त्यांचं म्हणणं.)

दुसरा दोष साधा. मोड कोण देणार? 1877 मध्ये अमेरिकेतल्या कित्येक मजुरांची महिन्याची कमाई पन्नास डॉलरपर्यंत पोचत नव्हती. त्याच वर्षीच्या जुलैत, मजुरी कापली म्हणून रेल्वेच्या कामगारांनी मोठा संप केला, आणि फिलाडेल्फियाच्याच पेनसिल्वेनिया राज्यात, पिट्सबर्गला, गोळ्या चालल्या, डबे जळाले. शिवाय यादवी युद्धापासून पूर्वेकडच्या राज्यांत रोजच्या व्यवहारात कागदी डॉलरच होता. तो सरकारकडे नेऊन त्याचं सोनं मागण्याची सोय 1879 च्या 1 जानेवारीपासून सुरू व्हायची होती. म्हणजे लोकांच्या हातात सोनं नव्हतं, पोटात भडका होता, आणि टांकसाळीतला नक्षीकार दोन इंच रुंदीच्या सोन्यावर देवतेच्या केसांची बट कोरत होता. यावरून त्याची चेष्टा करायला मी धजत नाही. आमच्या गावात दुष्काळ असताना दादा मुकुटाच्या पाकळीवर मणी उठवत होते. हातातलं काम आणि दारातला काळ यांची गाठ कारागिराच्या हाती नसते.

पन्नास डॉलरच्या नाण्याचा कायदा त्या वर्षी झाला नाही, आणि मग ठसे कपाटात गेले.

आता नमुन्यांचं काय करायचं असतं? तांब्याचे कुणी घरी नेले तरी बोभाटा होत नाही. सोन्याचा नमुना वितळवायचा आणि सोनं परत मुशीत टाकायचं, हा सरळ मार्ग. हे दोन मुशीत गेले नाहीत. असं सांगतात, की टांकसाळीत मोठ्या हुद्द्यांवर काम केलेले ए. लाउडन स्नोडेन यांनी त्यांच्या सोन्याची किंमत भरून ते आपल्याकडे ठेवले. पुढची तीसेक वर्षं त्यांचं नाव नाही. मग 1909 मध्ये जॉन हेझेल्टाइन आणि स्टीफन नेगी या फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांनी ते दोन्ही विल्यम वुडिन या उद्योगपतीला विकले. एकेका नगाला दहा हजार डॉलर. पन्नास डॉलरचा दर्शनी आकडा, तो एका दमात दोनशे पट झाला. वर्तमानपत्रांत बातमी झळकली, आणि सरकारला आठवण झाली की हा माल आपला.

वुडिन हा माणूस मला आवडतो. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा अध्यक्ष, मूळ पेनसिल्वेनियातल्या बर्विकचा; शिवाय गिटार वाजवायचा आणि मुलांच्या गाण्यांना चाली लावायचा. दहा हजारांची दोन नाणी पेटीत ठेवून तो कोर्टकचेऱ्या करत बसला असता तर नवल नव्हतं. त्यानं दोन्ही नाणी परत दिली. बदल्यात त्याला टांकसाळीत पडून राहिलेल्या जुन्या नमुन्यांच्या पेट्याच्या पेट्या मिळाल्या. हिशेबाच्या दृष्टीनं हा व्यवहार कुणाच्या फायद्याचा यावर जाणकार अजून बोलतात. मला त्यातलं वेगळंच दिसतं: दोन बंदे देऊन त्यानं पोतंभर खुर्दा घेतला, आणि तो खुर्दा घेऊन अभ्यासाला बसला. 1913 मध्ये एडगर अॅडम्स यांच्याबरोबर त्यानं अमेरिकन नमुना-नाण्यांवर ग्रंथ काढला. ज्या वस्तू कधी चालल्याच नाहीत त्यांची पहिली नीट वही त्यानं मांडली.

पण गोष्ट इथे थांबत नाही.

4 मार्च 1933. फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा देशभर बँकांच्या दारात रांगा होत्या, बऱ्याच बँकांची दारंच बंद होती. अर्थखात्याचे नवे मंत्री होते विल्यम वुडिन. नोटा पुरत नाहीत, तेव्हा तात्पुरत्या हुंड्यांसारखे कागद छापावेत असा सल्ला त्यांना बहुतेक सगळे देत होते. सांगतात ते असं, की एका रात्री झोप येईना म्हणून ते गिटार घेऊन बसले, थोडं वाजवलं, थोडं वाचलं, आणि सकाळी ठरवून आले की लोकांना पैसे हवे असतील तर पैशासारखे दिसणारे पैसेच दिले पाहिजेत. उगीच उसने कागद नकोत. नमुन्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला नमुना आणि माल यांतला फरक अर्थतज्ज्ञांपेक्षा अधिक कळला असेल, असं आपलं मला वाटतं.

मग महिनाभरानं, 5 एप्रिलला, हुकूम निघाला. प्रत्येकानं आपल्याजवळची सोन्याची नाणी, लगडी, सोन्याच्या हमीपावत्या 1 मेपर्यंत बँकेत जमा करायच्या. एका औंसाला 20.67 डॉलर मिळतील. न करणाऱ्याला दहा हजार डॉलरपर्यंत दंड, दहा वर्षांपर्यंत तुरुंग. दहा हजार हा आकडा वाचताना वुडिन यांच्या ओठांवर काही उमटलं असेल का? एका हाफ युनियनसाठी त्यांनी तेवढेच मोजले होते. हुकमात सवलती होत्या. दर माणशी शंभर डॉलरपर्यंतची सोन्याची नाणी ठेवता येणार होती. आणि दुर्मीळ म्हणून संग्राहक ज्यांची खास किंमत मानतात अशी नाणीही वगळली होती. या दुसऱ्या सवलतीमागे वुडिन यांचाच हात, असं नाणी जमवणारे पिढ्यान्‌पिढ्या धरून चालले आहेत.

शंभर डॉलर म्हणजे पन्नासची दोन. ते नाणं 1877 मध्ये चालू झालं असतं, तर 1933 च्या मेमध्ये प्रत्येक अमेरिकन माणसाच्या घरी नेमकी दोन हाफ युनियन उरली असती. त्यांच्या जन्माच्या वेळी होती तेवढीच. हा माझा उगाचचा हिशेब. पण सोनाराच्या नातीला असे हिशेब केल्याशिवाय झोप येत नाही.

सोनं देऊन झालं आणि जानेवारी 1934 मध्ये सरकारनं औंसाचा भाव 35 डॉलर केला. वीस पूर्णांक सदुसष्टला ज्यांनी दिलं ते बघत राहिले. अमेरिकन माणसाला घरात मोकळेपणानं सोनं ठेवायची मुभा मिळाली ती 1974 च्या अखेरीस. आपल्याकडचा सुवर्ण नियंत्रणाचा कायदा 1990 मध्ये गेला. या दोन गोष्टी एका मापानं मोजू नयेत हे मला कळतं. तिथे नाणी मागितली होती, इथे दागिन्याचा कस आणि सोनाराचा हात बांधला होता. तरी रांगेत उभं राहून रुमालाची गाठ सोडणारी बाई मला दोन्हीकडे सारखीच दिसते.

वुडिन यांचा घसा 1933 मध्येच बिघडला, डिसेंबरअखेर त्यांनी पद सोडलं, मे 1934 मध्ये ते गेले. दोन्ही हाफ युनियन त्याआधीच, 1923 मध्ये, टांकसाळीच्या संग्रहाबरोबर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये पोचली होती. तिथेच आहेत.

पन्नास डॉलरचं सोन्याचं नाणं अमेरिकेनं पुढे काढलं, नाही असं नाही. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनासाठी रॉबर्ट एटकन यांनी केलेलं, पुढून मिनर्व्हा आणि मागून घुबड. गोल 483 आणि अष्टकोनी 645 एवढीच विकली गेली, बाकीची वितळवली. विकायची किंमत मात्र शंभर डॉलर होती. म्हणजे पन्नास हा आकडा पहिल्या दिवसापासून नावापुरता. 1986 पासून निघणाऱ्या एक औंसाच्या गोल्ड ईगलवरही पन्नास डॉलरच लिहिलेले असतात. ते घेऊन कुणी वाण्याकडे गेलं तर वाणी खुशीनं घेईल, आणि घरचे त्या माणसाला डॉक्टरकडे नेतील.

आजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती. तिला खात्री होती की प्रत्येक पुतळीवर राम-सीता आहेत. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं. त्यावर तिथला गुडघे टेकलेला राज्यप्रमुख आणि त्याच्यासमोर त्यांचा संत उभा. समुद्रावरून व्यापाराच्या पैशात आलं, आमच्या बायकांनी दोघं उभे-बसलेले बघितले, नाव ठेवलं पुतळी, कडी डकवली आणि गळ्यात घातलं. एकदा कडी लागली की नाणं चलनातून उठलं. आजीची माळ दादांनीच घडवलेली, व्हेनिसच्या नाण्याच्या नकलेची नक्कल, संताच्या डोक्यामागे एव्हाना चक्क धनुष्य आलेलं. मी तिला व्हेनिसबद्दल सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “असतील तिथले. इथे आल्यावर राम झाले.” ती माळ घरातल्या दोन लग्नांत, एका आजारपणात आणि एका विहिरीत मोडायची वेळ आली होती. मोडली नाही. त्या त्या वेळी बाकी सगळं मोडलं.

चित्र पाहिल्यापासून मला त्या नाण्याचं वजन हातात घेऊन बघायचं होतं. हाफ युनियनचं कायदेशीर वजन 1290 ग्रेन बसतं, म्हणजे 83.6 ग्रॅम, सात तोळे आणि वर दोन मासे. एवढं सोनं माझ्याकडे नाही, असतं तरी या खेळासाठी लॉकर उघडला नसता. आपलं दहा रुपयांचं नाणं 7.71 ग्रॅमचं असतं. अकरा नाणी म्हणजे जवळपास तेवढंच. पुठ्ठ्याची दोन इंच व्यासाची चकती कापली, अकरा नाणी रुमालात घट्ट बांधून तिच्यावर ठेवली आणि तळहातावर घेतली. वजन मनगटात नाही, बोटांच्या मुळांशी जाणवतं. दादा असेच तोलायचे, काट्यात टाकायच्या आधी, डोळे मिटून. दोन दिवस ती पुरचुंडी टेबलावर होती. येता-जाता उचलायची, ठेवायची.

तिसऱ्या दिवशी रिक्षानं बँकेत गेले. भाडं झालं एकशे सात. पाचशेची नोट काढली, तर रिक्षावाला म्हणाला, “ताई, मोड नाही.” पर्समध्ये हात घातला तर पुरचुंडी हाती लागली. मोठ्या तोऱ्यात गाठ सोडली आणि अकरा नाणी त्याच्या पुढ्यात धरली.

त्यानं एक उचललं, उलटसुलट केलं आणि परत ठेवलं.

“दहाची नाणी नाही चालत, ताई. कोणी घेत नाही.”

“अहो, सरकारचं नाणं आहे!”

“असेल. मी घेतो, पण पुढचा घेत नाही ना.” आणि मीटर वर करून तो शांतपणे माझ्याकडे बघत राहिला.